मित्राच्या वहीवरील शेरा

शाळेतील निबंधाच्या वहीस दोन वाचक असतात, असा सार्वत्रिक समज आहे: एक ती लिहिणारा आणि दुसरा ती तपासणारा. परंतु लिहिणारा आपले लिहिणे सहसा पुन्हा वाचीत नाही आणि तपासणाऱ्यास ते सावकाश वाचण्याइतकी सवड नसते, ही वस्तुस्थिती ध्यानी घेतली म्हणजे पुष्कळसे निबंध कोणीच वाचीत नाही असे म्हणणे प्राप्त होते. हिशेब अगदी सरळ आहे. वर्गात ६० मुले आणि एका शिक्षकाकडे असे ३ वर्ग धरले, तर एका निबंधामागे १८० वह्या झाल्या. दर वहीस ५ मिनिटे दिली तरी १५ तास लागले. आणि निबंध तर महिन्यातून एकदा तरी व्हावयास हवा. तेव्हा शेरा दोन शब्दांत आटोपतो: ‘ठीक’, ‘बरा प्रयत्न’, ‘अक्षर सुधारा’. ह्यात शिक्षकाचा आळस नसून दोष अंकगणिताचा आहे.

मग वर्गातील मुलांनीच एकमेकांचे निबंध वाचावेत आणि त्यांवर अभिप्राय द्यावेत, ही कल्पना साहजिकच पुढे येते. हल्ली शाळांतून तिला ‘पीअर फीडबॅक’ म्हणतात. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत फीडबॅकला ‘प्रत्याभरण’ असा भारदस्त शब्द आहे. पण तो वर्गात कोणी उच्चारीत नाही, म्हणून येथे ‘अभिप्राय’ हाच साधा शब्द पुरे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर प्रगतिपुस्तकामध्ये शिक्षकाच्या मूल्यमापनाबरोबर विद्यार्थ्याने स्वतःचे केलेले आणि सहाध्यायांनी केलेले मूल्यमापनही असावे, असे नमूद केलेले आहे. धोरणात असे एक वाक्य घालणे सोपे असते. परंतु शेजाऱ्याची वही मुलाच्या हाती देऊन ‘लिही अभिप्राय’ असे फर्माविल्याने ती विद्या त्याला येते, असे मानणे म्हणजे विहिरीत ढकलल्याने पोहणे येते असे मानण्यासारखेच होय. कोणाला ते येतेही; पण पुष्कळजण नाकातोंडात पाणी गेल्यावर पुन्हा त्या काठाला फिरकत नाहीत.

मुलांनी मुलांस शिकविणे ही गोष्ट ह्या देशास नवी नाही. पंतोजींच्या शाळेत थोरली मुले धाकट्यांकडून उजळणी म्हणवून घेत. मद्रासजवळ एग्मोर येथील अनाथ मुलांच्या शाळेचा अधीक्षक अँड्र्यू बेल ह्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील देशी मुलांना वाळूत बोटाने अक्षरे गिरविताना पाहिले, ती रीत आपल्या शाळेत आणली, आणि मोठ्या मुलांकडून लहानांस शिकविण्याची एक पद्धतीच उभारली. १७९७ साली लंडनमध्ये त्याने तिच्याविषयी पुस्तक छापले, आणि पुढे ती ‘मद्रास पद्धती’ म्हणून इंग्लंडात पसरली. परंतु त्या पद्धतीत थोरल्या मुलाचे काम सोपे होते. सात सत्ते किती, ह्याला उत्तर एकच. ते आले की नाही एवढेच त्याने पाहावयाचे. निबंधाला असे उत्तर नसते. म्हणून निबंध वाचणाऱ्या मुलाजवळ पंतोजीच्या मदतनिसाहून काही निराळे असावे लागते. ते काय, हे उदाहरणावाचून कळणे कठीण.

मासल्यासाठी नववीच्या वर्गातील एका मुलाचा निबंध कल्पावा. विषय ‘माझे आजोबा’. निबंधातील मजकूर असा:

‘माझे आजोबा फार प्रेमळ आहेत. त्यांची पिठाची गिरणी होती. ती चाळीस वर्षे चालली. आजूबाजूच्या सगळ्या घरांचे दळण आमच्याकडे येत असे. आता लोक तयार पिठाच्या पिशव्या आणतात. म्हणून दिवाळीनंतर गिरणी बंद केली. शेवटच्या दिवशी आजोबांनी गिरणी पुसली आणि बाहेरची पाटी तशीच ठेवली. आम्हां सर्वांना फार वाईट वाटले. आपण सर्वांनी वडीलधाऱ्या माणसांचा आदर केला पाहिजे.’

ही वही तीन सहाध्यायांकडे गेली असे समजावे. पहिला मुलगा लेखकाचा जिवलग. त्याने लिहिले: ‘खूप छान! असेच लिहीत जा.’ दुसऱ्याने लाल पेन घेतले, सात ठिकाणी वर्तुळे काढली, ‘आजूबाजूच्या’ ह्यातील बरोबर असलेला दीर्घ ‘जू’ ऱ्हस्व केला, आणि खाली लिहिले: ‘निबंध लहान आहे. म्हणी वापर.’ तिसरी मुलगी. तिने लिहिले: ‘शेवटच्या दिवशी आजोबांनी गिरणी पुसली, तेथे मी थांबले. दुसऱ्या दिवशी चालवायचीच नव्हती, तर ती कशाला पुसली? आणि पाटी का नाही काढली? आजोबा प्रेमळ आहेत असे तू म्हणतोस. पण ते काय करतात, कसे बोलतात, हे मला कुठे दिसले नाही. शेवटचे वाक्य माझ्याही निबंधात आहे.’

पहिल्या शेऱ्याने लेखकाचे मन सुखावले असेल, पण वही जेथे होती तेथेच राहिली. तो शेरा निबंधाविषयी नसून मैत्रीविषयी आहे. निबंध न वाचताही तो लिहिता आला असता. ऑकलंड येथील जॉन हॅटी व हेलन टिम्परली ह्या अभ्यासकांनी २००७ साली ह्या विषयाचा जो परामर्श घेतला, त्यात व्यक्तीची नुसती वाहवा करणारा अभिप्राय शिकण्याच्या दृष्टीने सर्वांत कमी उपयोगी ठरविला आहे. दुसऱ्या शेऱ्यात कष्ट आहेत, नाही असे नाही. परंतु हा मुलगा वाचक म्हणून बसलाच नाही. शिक्षकाच्या खुर्चीत बसून, शिक्षक जे करताना त्याने वर्षानुवर्षे पाहिले त्याची त्याने नक्कल केली. आणि नक्कल करताना लाल शाई आली, पण ज्ञान आले नाही. बरोबर लिहिलेला ‘आशीर्वाद’ खोडून त्या जागी मोठ्या आत्मविश्वासाने ‘आर्शिवाद’ लिहिणारे परीक्षक प्रत्येक वर्गात दोन-चार तरी निघतातच.

तिसऱ्या अभिप्रायाकडे पुन्हा पाहावे. त्यात ‘चांगला’ नाही आणि ‘वाईट’ही नाही. त्यात व्याकरणाची एकही संज्ञा नाही. वाचणारी कोठे थांबली, तिला काय दिसले नाही आणि तिला काय जाणून घ्यावेसे वाटले, एवढेच तीत आहे. शेवटच्या वाक्याविषयी तर तिने टीकाही केली नाही. ते आपल्याही वहीत आहे, एवढी खबर दिली. ही खबर कोणत्याही टीकेहून अधिक लागू पडते, कारण ती खरी आहे आणि तीत स्वतःला वेगळे काढलेले नाही.

आता त्या मुलाने दुसरा खर्डा लिहिला. त्यात असे आले की आजोबा गिरणी रोज रात्री पुसत, कारण सकाळी पहिले दळण उपवासाचे असले तर आदल्या दिवशीचे ज्वारीचे पीठ त्यात मिसळू नये. चाळीस वर्षांची ती सवय शेवटच्या रात्रीही सुटली नाही. पाटी काढली नाही, कारण गल्लीतील सगळी घरे आपला पत्ता ‘गिरणीजवळ’ असाच सांगतात. ‘प्रेमळ’ हा शब्द दुसऱ्या खर्ड्यात नव्हता आणि आदराचे वाक्यही नव्हते. ह्या गोष्टी त्या मुलास ठाऊक नव्हत्या असे नव्हे. त्या लिहिण्याजोग्या आहेत हे त्याला ठाऊक नव्हते. ते त्याला त्याच्या बाकावरच्या कोणीतरी विचारल्यामुळे कळले.

येथे कोणी म्हणेल की अशी मुलगी वर्गात एखादीच असावयाची, बाकीच्यांचे काय? आणि ज्यांना स्वतःलाच लिहिता येत नाही त्यांनी दुसऱ्यास काय सांगावे? हा आक्षेप वजनदार वाटतो, पण त्यात दोन गोष्टींची गल्लत आहे. आमटी खारट झाली हे सांगण्यास स्वयंपाकी असावे लागत नाही. जिभेने ती चाखलेली असली म्हणजे झाले. ती कशी सुधारावी हे मात्र जेवणाऱ्याने सांगू नये. वाचक चौदा वर्षांचा असला तरी आपण कोठे अडखळलो, कोठे कंटाळलो, कोणते वाक्य वही मिटल्यावरही ध्यानात राहिले, ह्याची साक्ष तोच देऊ शकतो, आणि त्या साक्षीपुरता तो शिक्षकाच्याही बरोबरीचा असतो. अमेरिकन लेखनशिक्षक पीटर एल्बो ह्याने १९७३ साली शिक्षकावाचून चालणाऱ्या लेखनवर्गाविषयी एक पुस्तक लिहिले, त्यातील मुख्य सूत्र हेच होते: वाचणाऱ्याने निवाडा करू नये, वाचताना आपल्या मनात काय काय घडत गेले ते सांगावे; आणि लिहिणाऱ्याने तोवर गप्प बसून ऐकावे, आपल्या लेखनाची वकिली करू नये. ह्यांपैकी दुसरा भाग अधिक अवघड आहे. ‘मला तसे म्हणायचे नव्हते’ हे वाक्य प्रत्येक लेखकाच्या ओठांवर असते, आणि ते बाहेर पडले की सांगणाऱ्याचे तोंड बंद होते.

ही सवय मुलांना लावावयाची तर आरंभ वर्गातील कोणाच्याही वहीपासून करू नये. मागल्या एखाद्या वर्षाचा, नाव काढून टाकलेला निबंध फळ्यावर उतरावा आणि शिक्षकाने स्वतः मोठ्याने विचार करीत तो वाचावा: ‘येथवर मजा आली. येथे कोण बोलतो आहे ते कळेना. ह्या ओळीवरून मी पुन्हा वर गेलो.’ कान टोचले जाण्याच्या भीतीवाचून मुले हे ऐकतात आणि दोन-तीन तासांत तसे बोलूही लागतात. मग तिघातिघांचे गट करावेत. लेखकाने आपला निबंध स्वतः मोठ्याने वाचावा. मोठ्याने वाचण्यात अर्धे काम होऊन जाते, कारण डोळ्यांना न दिसलेली मोडकी वाक्ये जिभेला लागतात. त्यानंतर वही इतरांनी मनात वाचावी आणि मगच पेन उचलावे. प्रत्येक वाचकाने निदान एक वाक्य जसेच्या तसे उतरवून त्याविषयी बोलावे, असा दंडक घातला तर ‘खूप छान’ आपोआप नाहीसे होते. शुद्धलेखन सर्वांत शेवटी, आणि तेही शब्दकोश मेजावर ठेवून; जे वाक्य दुसऱ्या खर्ड्यात राहणारच नाही, त्यातील वेलांटी सुधारण्यात कोणाचा फायदा?

गुण मात्र मुलांकडून देववू नयेत. रूथ बटलर ह्या संशोधिकेने १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इस्रायलमधील पाचवी-सहावीच्या मुलांपैकी काहींना नुसता लेखी अभिप्राय दिला, काहींना नुसते गुण, आणि काहींना दोन्ही. नुसता अभिप्राय मिळालेल्यांचे काम सुधारले. दोन्ही मिळालेल्यांना अभिप्रायाचा फायदा झाला नाही. आकडा दिसल्यावर शब्दांना कोण विचारतो? प्रगतिपुस्तकातील सहाध्यायांचा रकाना जर चौकटीत खुणा करण्यापुरता उरला, तर त्याचीही हीच गत होणार, हे धोरण राबविणाऱ्यांनी लक्षात घेतलेले बरे.

वाचकाचा डोळा एकदा कोठे वळवावयाचा हे कळले म्हणजे अगदी लहान मुलेही किती नेमके बोलतात, ह्याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आयडाहो राज्यात बॉइझी येथील शाळेचे आहे. रॉन बर्गर हे शिक्षणतज्ज्ञ ते ठिकठिकाणी सांगतात. पहिलीतील एका मुलाने छायाचित्र पाहून फुलपाखराचे चित्र काढावयाचे होते. पहिले चित्र कोणीही लहान मूल काढील तसे, गोलगोल पंखांचे. वर्गमित्रांनी ते चित्र व छायाचित्र शेजारी ठेवून आधी फक्त पंखांच्या आकाराविषयी सांगितले, आणि आकार जमल्यावर मग नक्षीविषयी. सहाव्या चित्रातील फुलपाखरू शास्त्राच्या पुस्तकात शोभावे असे झाले. बर्गर ह्यांची मुलांना अट एवढीच असते की सांगणे नेमके असावे, उपयोगी असावे आणि मायेचे असावे. तिसरी अट पाहुणचार म्हणून घातलेली नाही. अव्राहम क्लुगर व अँजेलो डेनिसी ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ साली अभिप्रायाविषयीच्या प्रयोगांतील ६०७ परिणाम एकत्र करून तपासले, तेव्हा सरासरीने अभिप्रायाचा लाभ दिसला खरा, पण एकतृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्रायानंतर काम सुधारण्याऐवजी बिघडलेले आढळले. औषध म्हणून दिलेली वस्तू तिघांतील एकास बाधत असेल, तर ती कोणी कशी द्यावी ह्याचा विचार नको काय?

ही बाधा महाराष्ट्रातील वर्गात कोठे होते, हे शोधावयास फार लांब जावे लागत नाही. खेड्यातून शहरात आलेले मूल निबंधात ‘होता’च्या जागी ‘व्हता’ लिहिते, किंवा आजीच्या तोंडचे वाक्य आजी बोलते तसेच उतरविते, आणि वर्ग हसतो. त्या हसण्याचा अर्थ एवढाच होतो की तुझ्या घरची भाषा वहीत येण्याच्या लायकीची नाही. असे मूल नंतर शुद्ध लिहू लागतेही. पण मग त्याच्या वहीत आजी येत नाही, गाव येत नाही, मार्गदर्शकातील आयते परिच्छेद येतात. अशा जागी गटातील मुलांना एक भेद शिकवून ठेवणे अवश्य आहे: लेखक स्वतः सांगत असताना प्रमाण रूप सुचवावे, परंतु पात्र बोलत असताना त्याच्या तोंडची भाषा त्याचीच राहू द्यावी. खानदेशातील बोलीत रचलेली बहिणाबाई चौधरी ह्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने निघाली, तेव्हा ती बोली कोणी प्रमाण करून छापली नाही, हे मराठी वाचकांचे भाग्यच म्हणावयाचे.

प्रौढ लेखकांनाही असे जमून बसण्याची गरज वाटत आलेली आहे. पुण्यात १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातील कवी रविवारी एकत्र येऊन एकमेकांच्या कविता वाचीत आणि त्यांची चर्चा करीत. त्या चर्चेचा लाभ ज्याची कविता वाचली जाई त्यालाच होत असेल, असे प्रथमदर्शनी वाटते. मुलांच्या बाबतीतही पालकांची तक्रार नेमकी हीच असते: ‘आमच्या मुलीने आपला वेळ दुसऱ्याच्या वहीवर का घालवावा?’ ह्या तक्रारीस उत्तर आहे. अमेरिकेतील ब्रिगहम यंग विद्यापीठात इंग्रजी शिकावयास आलेल्या परभाषी विद्यार्थ्यांवर क्रिस्टी लंडस्ट्रम व वेंडी बेकर ह्यांनी एक प्रयोग केला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. काही वर्गांनी सबंध सत्रभर नमुन्याचे निबंध वाचून त्यांवर अभिप्राय देण्याचाच अभ्यास केला. काही वर्गांनी आलेल्या अभिप्रायावरून निबंध सुधारण्याचाच. सत्राअखेर सर्वांचे स्वतःचे लेखन तपासले, तेव्हा अभिप्राय देणाऱ्यांची प्रगती अधिक झालेली दिसली. आणि त्यांतही ज्यांचे इंग्रजी कच्चे होते त्यांना लाभ विशेष झाला. ह्याचे कारण उमगण्यास अवघड नाही. स्वतःच्या लिहिण्यातील उणीव स्वतःला दिसत नाही, कारण जे कागदावर आले नाही तेही लिहिणाऱ्याच्या डोक्यात असते आणि तो ते नकळत वाचून घेतो. दुसऱ्याच्या वहीत ही सोय नसते. तेथे जे लिहिलेले नाही ते नाही. ‘प्रेमळ म्हणजे काय केले?’ हा प्रश्न दहा वेळा दुसऱ्यास विचारणाऱ्या मुलीच्या हातून अकराव्या वेळी, स्वतःच्या निबंधात, तो शब्द सहजासहजी उतरत नाही.

तथापि एक पथ्य ह्या सर्व व्यवहारात सांभाळावे लागते. अभिप्राय मानावा की न मानावा, हा अधिकार सर्वस्वी लिहिणाऱ्याचा. दोन वाचक परस्परविरुद्ध सांगतील. एक म्हणेल पाटीचा प्रसंग वाढव, दुसरा म्हणेल गाळ. लेखकाने दोघांचे ऐकावे आणि तिसरेच काही करावे. फक्त का केले ते समासात एका ओळीत लिहावे. ही ओळ पुष्कळदा निबंधाहून अधिक विचाराची असते, आणि शिक्षकाला १८० वह्यांतून नेमके काय वाचावे हेही तीच दाखविते.

घरोघरीच्या वडीलमंडळींनाही ह्यात थोडा वाटा घेता येईल. मुलाची वही हाती आली की पहिले बोट अक्षरावर आणि दुसरे ऱ्हस्वदीर्घावर ठेवण्याची खोड सुशिक्षित घरांतून विशेष असते; काही वडील तर निबंध स्वतःच सुधारून देतात, आणि मग वर्गात वाचला जातो तो वडिलांचा निबंध. त्याऐवजी मुलास तो मोठ्याने वाचावयास सांगावा, मध्येच थांबवू नये, आणि वाचून झाल्यावर जे खरोखरच कळले नसेल तेवढेच विचारावे. पहिला खर्डा फाडू देऊ नये. त्यावर तारीख घालून, सहाध्यायांच्या अभिप्रायाचे चिटोरे आणि दुसरा खर्डा त्याला टाचून एका फाइलीत ठेवावा. जूनमध्ये लिहिलेला आणि मार्चमध्ये लिहिलेला असे दोन संच शेजारी मांडले, म्हणजे मुलाने काय मिळविले ते त्याचे त्याला पाहता येते.